गाणं कुणाचं, ते आधी सांगायचं

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप मिटला की सोमवारी सकाळी साडेनऊच्या मीटिंगपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडायचा नाही. वाढवून सांगत नाहीये. दुकानात बिल मशीन करतं, बसमध्ये कार्ड टेकवलं की झालं, आणि शेजारचा माणूस दिसला की मान हलवतो, आपणही हलवायची. सोमवारी ‘कॅन यू हिअर मी?’ म्हणताना माझा आवाज असा चिरकायचा की मॅनेजर बाई विचारायच्या, तब्येत बरी आहे ना? तब्येतीला काय धाड भरली होती! दोन दिवस घसा वापरलाच नव्हता, एवढंच.

मी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला एकटा राहतो. वय छत्तीस, पुण्याचा, कोथरूडचा, कामाच्या व्हिसावर. इथे सगळे गाडीने फिरतात आणि मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झालोय. दोन्ही वेळा राउंडअबाउटवर, म्हणजे चौकातल्या गोलावर. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला एका शिष्ट बाईने ‘तुम्ही दुसऱ्यांची वाट बघत नाही’ असं लेखी द्यावं, यावर काय बोलणार? तर मी चालतो. या शहरात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी तांबड्या रंगाचे वेगळे रस्ते आहेत, झाडांमधून, पुलांखालून जाणारे. त्यांना रेडवे म्हणतात. छान आहेत. माणूस मात्र दिसत नाही.

‘मग मराठी मंडळात जा ना,’ असं आई फोनवर दर वेळी म्हणायची. गेलो होतो की. गणपतीला गेलो, कोजागिरीला गेलो. सगळी जोडपी. पुरुषांच्या घोळक्यात मॉर्गेजचा रेट आणि घराचं एक्स्टेन्शन, बायकांच्या घोळक्यात मुलांच्या शाळा. मला विचारायचे, ‘मिसेस इंडियात का?’ मिसेस नाहीत म्हटल्यावर पुढे काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही आणि मला पोरांच्या टेबलावर बसवायचे. तिसऱ्या वर्षी मी जाणं सोडलं.

आता गाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. हिंजवडीला नोकरी करत होतो तेव्हा कंपनीच्या बसमध्ये रोज दीड तास कानात एक इंग्लिश बँड असायचा. चार पोरं. अंगात वेस्टकोट, पायात चिखलाचे बूट, हातात बँजो, आणि गाणी शेताची, दगडी भिंतींची, मेलेल्या बापाच्या कुदळीची. हे इतके लोकप्रिय झाले होते की मोठमोठ्या मैदानांत लोक त्यांच्या सोबत पाय आपटत गायचे. मला वाटायचं, हे खरं इंग्लंड. हा मातीतला आवाज. इथली नोकरी घेताना मनाच्या एका कोपऱ्यात तो बँजो वाजत होता, खोटं कशाला बोलू.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीला मोठ्या कौतुकाने ऐकवलं. ही मुलगी आपलीच, म्हणजे आईवडील साताऱ्याचे, जन्म आणि शाळा मात्र लंडनमधल्या स्टॅनमोरची. तिने अर्धं मिनिट ऐकलं आणि हसत सुटली. म्हणाली, ‘अरे, हा सगळा पॉश मुलं आहेत! ऐक ना कसा बोलतोय. फार्मर नाहीये ते. त्याचा डॅडी फार्म ओन करत असेल.’ मला तर काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. तिला दोन शब्दांत कळलं की ही पोरं कुठल्या महागड्या शाळेत शिकलीयत, सुट्टीला कुठे जातात. मी वरमलो. मग वाटलं, यात नवल काय? पुण्यात मलाही समोरचा माणूस ‘पानी’ म्हणाला की पुढचं सगळं न विचारता कळतंच. कळतं म्हणजे, आपण कळून घेतो.

तरी मी ती गाणी ऐकायची सोडली नाहीत. ऐकायला दुसरं होतं काय?

माझ्या फ्लॅटपासून रेडवेने पंचवीस मिनिटांवर एक जुनं गाव आहे. नवं शहर वसवताना त्याच्या चहूबाजूंनी रस्ते आले, पण चर्च, हिरवळ आणि पब तसेच राहिले. त्या पबच्या बाहेर एकदा पाटीवर खडूने लिहिलेलं पाहिलं, दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मागच्या खोलीत गाणी, कुणीही या. मी गेलो. डोळ्यांसमोर वेस्टकोट होते. आत पाहतो तर दहा-अकरा म्हातारे-म्हाताऱ्या, विणलेले स्वेटर, अर्धा ग्लास बिअर आणि तोंडात चिप्स. माइक नाही, स्टेज नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या.

त्या खोलीची रीत अशी. एकेकाची पाळी येते. पाळी आली की गायचं, नाहीतर ‘पास’ म्हणायचं. पास म्हणण्यात कमीपणा नाही, पुढचा सुरू करतो. पण गायचं असेल तर आधी सांगावं लागतं, गाणं कुणाकडून आलं. हे माझ्या आईच्या चुलत्याचं, तो कालव्यावर बोट ओढायचा. हे अमक्या बाईचं, ती अमक्या गावात कपडे धुवायची. नाव, गाव, काम. मग गाणं. आणि एक जाड वही होती. तिच्यात हे सगळं लिहून ठेवायचे, कुणी गायलं आणि मूळ कुणाचं. नाव लिहिल्याशिवाय गाणं वहीत चढत नसे.

वही ज्यांच्याकडे असायची त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणायचो. वय सत्तरीच्या पुढे, तळहात खरबरीत. जवळच्या विटांच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीवर काम केलेलं, कारखाना बंद पडेपर्यंत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलायचे कमी आणि तेही जमिनीकडे बघत. पहिल्या मंगळवारी माझी पाळी आली, मी पास म्हटलं, त्यांनी मान हलवली. निघताना पाऊस होता. त्यांनी विचारलं, कुठे राहतोस, आणि त्यांच्या जुनाट व्हॅनमधून मला दारात सोडलं. तेव्हापासून दर मंगळवारी सोडायला लागले. आठवड्यातली ती बारा मिनिटं मी कुणाच्या तरी शेजारी बसलेला असायचो.

त्या व्हॅनमध्येच एकदा रेडिओवर माझा तो बँड लागला. काकांनी असा खट्कन बंद केला की बटण निघून हातात आलं. मग पहिल्यांदा ते सलग बोलले. त्यांची आत्या हिवाळ्यात शेतात कोबीचे ते छोटे गड्डे तोडायला जायची, बर्फात, उघड्या बोटांनी. रांगेत वाकून बायका गायच्या. एक गाणं आत्याने स्वतः बांधलेलं. काका लहान असताना कॉलेजातला कुणी मुलगा टेपरेकॉर्डर घेऊन आला, आत्याने त्याला चहा पाजला आणि गाणं म्हणून दाखवलं. आणि आता ते गाणं या चार पोरांनी मैदानात गायलं, जाहिरातीत वाजलं, सगळ्या देशाला पाठ झालं. काका म्हणाले, ‘रेकॉर्डवर काय लिहिलंय माहितीये? पारंपरिक. पारंपरिक म्हणजे विचारायची तसदी कुणी घेतली नाही.’ त्यांना पैसे नको होते. वेस्टकोटचा राग होता, पण तोही वरवरचा. आत्याचं नाव नाही, यावर सगळं अडलेलं.

मी काय केलं? मीही त्या पोरांना दोन शिव्या हासडल्या. खिशातल्या फोनमध्ये त्यांचे तीन अल्बम होते. भित्रेपणाच तो.

चार महिने मी दर मंगळवारी पास म्हणत राहिलो. कुणी आग्रह केला नाही, आणि हळूहळू तेच टोचायला लागलं. सगळ्यांचं कुणी ना कुणी होतं, कालव्यावरचा, भट्टीवरचा, धुण्यावरची. मी आयटीवाला, इंग्लिश मीडियमचा. आमच्या घरात कोण गायचं? वडील बँकेत, आई पोस्टात, आजी शाळेत गणिताची बाई. आजीला कुणी गुणगुणलेलंसुद्धा खपायचं नाही. ‘अभ्यास झाला वाटतं?’ असं विचारायची.

मग डिसेंबर आला. नाताळाआधीचा शेवटचा मंगळवार होता. प्रत्येक जण सांगत होता, लेकीकडे जाणार, भावाकडे जाणार. माझ्यापुढे सोळा दिवसांची सुट्टी होती आणि त्या दिवसांत बससुद्धा धड नसतात. पाळी माझ्यावर आली. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, ‘प्रत्येकाकडे गाणारं कुणीतरी असतंच. आठवून बघ.’

आणि मला खरंच आठवलं. आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या मावशी. मी पहिलीत होतो तेव्हापासून अकरावी होईपर्यंत, रोज सकाळी साडेसातला. मागच्या बाल्कनीत उकिडव्या बसून भांडी घासायच्या आणि गायच्या. नळाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नसे. आजीला त्यांचं गाणं चालायचं, कारण बोललं तर काम सोडून जातील अशी भीती. मी बाल्कनीच्या दारात दूध पीत उभा राहायचो. एक ओवी तर त्या रोजच म्हणायच्या, ती मला तोंडपाठ होती. कधी पाठ केली ते मात्र माहीत नाही.

लांबच्या माज्या लेकी गं, सांगू कुनाच्या तोंडानं,
माय तुजी झिजली गं, घरोघरच्या भांड्यानं.

आता गाण्याआधी सांगायला हवं होतं, गाणं कुणाचं. मी तोंड उघडलं आणि समोर काका दिसले, ते हात मांडीवर ठेवून बसलेले. ‘आमच्याकडे भांडी घासणारी बाई होती, तिचं,’ असं या खोलीत कसं सांगू? ज्यांच्या आयाबहिणींनी दुसऱ्यांची धुणी धुतली, त्यांच्यात बसून सांगू की मी धुवून घेणाऱ्यांतला? एका वाक्यात मी त्या वेस्टकोटवाल्यांच्या रांगेत जाऊन बसलो असतो. मंगळवार गेला असता. व्हॅन गेली असती. सोळा दिवस तर होतेच पुढे.

मी म्हणालो, ‘हे माझ्या आजीचं. खेड्यात जात्यावर दळताना म्हणायची.’

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण जात्यावरची आजी भांडी कशाला घासेल, तीही घरोघरची? कुणी अर्थ विचारला तर? म्हणून गाता गाता ‘घरोघरच्या भांड्यानं’ काढून तिथे ‘जात्याच्या खुंट्यानं’ घातलं. जास्त खरं वाटावं म्हणून. ‘माज्या’, ‘कुनाच्या’, ‘तुजी’ हे मात्र जसंच्या तसं ठेवलं, किंबहुना जरा जास्तच ठसक्यात. मी आयुष्यात कधी असं बोललेलो नाही.

संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. त्यांच्यात नाही वाजवत. पण दुसरी ओळ त्यांनी माझ्यामागून धरली, अर्थ न कळता, वेडेवाकडे उच्चार करत, अकरा जणांनी. माझ्या अंगावर काटा आला. चार वर्षांत पहिल्यांदा इथल्या कुणी माझी भाषा माझ्याबरोबर बोललं होतं. काकांनी वही उघडली, आजीचं नाव विचारलं. मी सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. त्यांनी हळूहळू लिहिलं. काम या रकान्यात लिहिलं, धान्य दळणे. गणिताच्या बाईंनी वरून पाहिलं असेल तर कपाळावर हात मारला असेल.

त्या नाताळात काकांनी मला जेवायला बोलावलं. दोघंच होतो. त्यांनी बटाटे भाजले, मी पिठलं करून नेलं, ते त्यांनी दोनदा घेतलं. मग जेवणं वारंवार व्हायला लागली. मी त्यांचा टीव्ही दुरुस्त केला, त्यांनी मला राउंडअबाउट शिकवायला घेतला. पाळी आली की आता मी पास म्हणत नव्हतो. ‘आजीची ओवी’ लोक मागून म्हणवून घ्यायचे. दर वेळी मी स्वतःला समजावायचो, कुणाचं काय बिघडलं? कुणाला कळणार आहे? घरी आल्यावर एकदा तो बँड लावला आणि त्यातल्या गायकाचं ते मुद्दाम खरखरीत केलेलं बोलणं पहिल्यांदा मला स्पष्ट ऐकू आलं. लगेच बंद केलं.

मे महिन्यात गावच्या हिरवळीवर त्यांचा गाण्यांचा दिवस असतो. छापील पत्रक निघतं. माझ्या नावापुढे काकांनी स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या, आजीबद्दल, जात्याबद्दल, आणि शेवटी असं की, या माणसाने गाणं जिथून घेतलं तिथलं नाव सोबत आणलं. पत्रक घडी घालून खिशात कोंबलं. तरी गायलो. दोनशे माणसं होती. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि मला पाठवला. आणि मी, महामूर्ख, तो आईला पाठवला. शाबासकी हवी होती, दुसरं काय!

आईचा पाच मिनिटांत फोन. हसतच होती. ‘अरे, हे तर आपल्या मावशींचं! पण त्या भांड्यानं म्हणायच्या ना? हे खुंट्यानं काय घातलंस मध्येच?’ मी म्हटलं, असंच. मग ती म्हणाली, ‘त्यांची मुलगी पार गुलबर्ग्याकडे दिली होती. पहिल्या बाळंतपणाला पाठवली नाही सासरच्यांनी. तेव्हापासून म्हणायच्या हे. फोन कुठे होता तेव्हा त्यांच्याकडे.’ मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं दारात उभं राहून दूध प्यायलो, लेक खरी आहे असं कधी डोक्यातच आलं नाही. ओवीत लेक असतेच, तशी ही.

आईने मग विचारलं, तिकडच्या लोकांना काय सांगितलंस, कुणाचं गाणं म्हणून? मी फोन कट झाल्यासारखं केलं.

तीन आठवडे मी झोपेतून उठलो की पहिली तीच गोष्ट आठवायची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मी तर त्या चार पोरांना व्हॅनमध्ये बसून शिव्या घातल्या होत्या. त्यांनी निदान शब्द तरी बदलले नव्हते. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं, हे खरं. पण काका वही घेऊन समोर बसायचे आणि माझ्याकडे ज्या विश्वासाने बघायचे, ते मला सहन होईना. आणि सांगितलं तर हा माणूस जाणार, हेही दिसत होतं. या देशात माझं म्हणावं असं ते एकच माणूस.

शेवटी एका शनिवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. ते मागच्या अंगणात वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होते. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आजी गणित शिकवायची, जात्याला तिने जन्मात हात लावला नाही, गाणं आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंचं, आणि त्यातला शब्दही मी बदलला. का बदलला तेही सांगितलं. तुम्ही मला त्या पोरांत धराल अशी भीती वाटली, असं म्हटलं. इंग्लिशमध्ये हे बोलताना फार उघडंवाघडं वाटलं.

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. हात धुतले, स्वयंपाकघरात गेले, मी मागे. वही काढली. पट्टी शोधली, आणि माझ्या आजीच्या नावावर एक सरळ रेघ मारली. खाडाखोड नाही, फक्त रेघ. खाली नवी ओळ सुरू केली. काम या रकान्यात लिहिलं, भांडी घासणे. मग पेन पहिल्या रकान्यावर आणून माझ्याकडे पाहिलं.

‘बरं, तिचं नाव काय?’

मावशी. आई मावशी म्हणायची, बाबा मावशी म्हणायचे, आजीसुद्धा, तिच्याहून वीस वर्षांनी लहान बाईला, मावशीच म्हणायची. शेजारचे ‘तुमच्या मावशी’ म्हणायचे. दिवाळीला साडीच्या पिशवीवर आई चिठ्ठी लावायची, त्यावरही मावशी. आम्हाला वाटायचं, केवढा मान देतो आपण.

खोटं सांगणं फार सोपं होतं. त्या वयाच्या बायकांची नावं काय असतात मला माहीत आहे, दोन-तीन तर जिभेवर आली होती. काकांना काय फरक कळणार होता? एक नाव सांगितलं असतं, त्यांनी लिहिलं असतं, मंगळवारी सगळं पूर्ववत. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो.

‘किती वर्षं होती तुमच्याकडे?’

‘अकरा.’

त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा केला, माझा बिनसाखरेचा, न विसरता. मी पिऊन होईपर्यंत ते खिडकीतून वाटाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘नाव मिळेपर्यंत ते गाऊ नकोस.’ आणि मला व्हॅनने घरी सोडलं.

मंगळवारी मी अजूनही जातो. पण ते एकच गाणं होतं माझ्याकडे. माणसं पूर्वीसारखीच वागतात, चांगली आहेत ती. कुणी विचारलं नाही, काकांनी सांगितलंही नसेल. त्यांनी घरी बोलावणं मात्र बंद केलं. येताना सोडतात. वही माझ्या पाळीला त्यांच्या मांडीवर मिटलेली असते.

आईला मी सगळं सांगून टाकलं. आधी ती चिडली. म्हणाली, ‘मग काय म्हणायला हवं होतं? एकेरी नाव घ्यायचं होतं का मोठ्या बाईचं? आपण त्यांना कधी अगं-तुगं केलं नाही.’ मी म्हटलं, आई, मी भांडत नाहीये, मला फक्त नाव हवंय. ती म्हणाली, अरे त्यात काय, विचारते की. दोन दिवस फोन नाही. मग म्हणाली, शेजारच्या काकूंनाही माहीत नाही. त्यांच्याकडे तर चौदा वर्षं होत्या. वरच्या मजल्यावर नऊ वर्षं, त्यांनाही नाही. बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले, मावशीच ना? यानंतर आईचा आवाज जरा बसला.

पुढचा फोन मागच्या आठवड्यात आला. मी कामावर होतो, मीटिंग सोडून घेतला. आमच्या सोसायटीच्या मागे नाल्यापलीकडे एक वस्ती होती, मावशी तिथून यायच्या. तिथे आता सातमजली इमारती झाल्यात. आई, वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, रिक्षाने तिथे गेली होती. तीन इमारती फिरली. खाली नळावर आणि जिन्यात बायका बसलेल्या, सगळ्यांना विचारलं. आमच्याकडे कामाला होत्या, अशा उंच, गोऱ्या, गायच्या छान, मुलगी गुलबर्ग्याला.

‘मग?’ मी म्हटलं.

‘सगळ्या मदत करायला तयार होत्या रे,’ आई म्हणाली. ‘सगळ्या एकच विचारायच्या. नाव काय त्यांचं?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘मी म्हटलं, मावशी. तर त्यातली एक हसली. म्हणाली, ताई, इथं आम्ही सगळ्याच मावशी. मग मी परत आले.’